रजेची भाषा आणि दुखण्याची भाषा

आपण आयुष्यात इंग्रजीत पहिले पत्र कोणते लिहिले, हे जरा आठवून पाहा. पुष्कळांचे ते पत्र म्हणजे मुख्याध्यापकांना लिहिलेला रजेचा अर्ज असतो. 'रिस्पेक्टेड सर' असा आरंभ, मग 'आय बेग टू स्टेट' अशी नम्रता, त्यानंतर 'आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर' हे कारण आणि शेवटी 'काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज' अशी याचना. फळ्यावरून उतरवून घेतलेला हा अर्ज वर्गातील चाळीस मुलांच्या वहीत सारखाच असे. चाळीसही जणांना एकच ताप, तोही नेमका दोन दिवसांचा. परीक्षेत त्याला पाच गुण मिळत आणि विषय संपे.

पण तो विषय तिथे संपत नाही. नागपुरातील माझ्या दवाखान्यात गेली अठ्ठावीस वर्षे मी पाहत आलो आहे, की तोच अर्ज माणसाबरोबर मोठा होतो. तो शिक्षिकेच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असतो, बुटीबोरीच्या कारखान्यातील सुपरवायझरच्या चिठ्ठीत असतो आणि मिहानमधील आयटी कंपनीत काम करणाऱ्या तरुणाच्या ई-मेलमध्येही असतो. नाडी तपासून, औषध लिहून झाले की रुग्ण मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, "डॉक्टर साहेब, सरांना इंग्रजीत काय लिहू जी?" हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो. माझ्या अनुभवात तो आरोग्याचा आहे. रजा मिळवण्यासाठी जे इंग्रजी शब्द आपण शिकलो, तेच हळूहळू आपण स्वतःच्या दुखण्यासाठी वापरू लागतो, आणि मग ते शब्द दुखणे सांगण्याऐवजी झाकू लागतात. आज त्याविषयी आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

परवानगी आणि सूचना

'रजा' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संमती, अनुज्ञा. गंमत अशी, की इंग्रजीतील 'लीव्ह' या शब्दाचाही जुना अर्थ परवानगी हाच आहे. म्हणजे दोन्ही भाषांत रजा ही कोणीतरी द्यायची वस्तू. सरकारी कार्यालयांनी तिचे किती प्रकार केले आहेत ते पाहा: नैमित्तिक रजा, अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, परिवर्तित रजा. याउलट रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या तोंडी 'खाडा' हा एकच शब्द असतो. काम चुकले, दिवस बुडाला, मजुरी गेली, हे सारे त्या दोन अक्षरांत येते.

नागपूरला या शब्दांचा इतिहास आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि पुढे सव्वाशे वर्षे या शहराची हजारो कुटुंबे गिरणीच्या भोंग्यावर उठली. आजारी कामगाराला घरी बसूनही काही पैसे मिळावेत, ही कल्पना आपल्या देशात कायद्याने आली ती कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ मुळे. ती योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. आजच्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तिचा प्रारंभ जुलै १९५४ मध्ये नागपुरात झाला. त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. या योजनेत बसणाऱ्या कामगाराला, आवश्यक तेवढी वर्गणी भरलेली असल्यास, आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते आणि प्रमाण ८० टक्के होते. आपल्या पगारपत्रकावर 'ईएसआय' अशी कपात दिसत असेल, तर हा आपला हक्क आहे. त्याचप्रमाणे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार त्याच्या कक्षेत येणाऱ्या आस्थापनेत वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा देणे बंधनकारक आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की हक्काची गोष्ट मागताना भाषा याचनेची राहत नाही. ताप काही परवानगी घेऊन येत नाही. म्हणून आजारी माणसाने कार्यालयाला करायची असते ती सूचना: मी आज काम करू शकत नाही, अमुक दिवसापर्यंत करू शकणार नाही. 'बेग' आणि 'काइंडली' हे शब्द काढून टाकले तरी सौजन्य कमी होत नाही. उलट वाचणाऱ्याला हवी असलेली माहिती पहिल्याच ओळीत मिळते.

काळाची गल्लत

आता थोडे शब्दांकडे वळू. माझा एक तरुण रुग्ण अमेरिकेतील ग्राहकासाठी रात्रपाळीत काम करतो. सोमवारपासून त्याला ताप होता. बुधवारी त्याने वरिष्ठांना कळवले, 'आय हॅड फीव्हर सिन्स मंडे.' पलीकडून उत्तर आले की तू बरा झालास हे ऐकून आनंद वाटला, रात्रीच्या बैठकीत भेटू. बिचारा एकशे दोन तापात डोके धरून बसला होता. 'हॅड' या एका शब्दाने त्याचा ताप भूतकाळात गेला होता.

मराठीत आपण 'सोमवारपासून ताप आहे' असे साध्या वर्तमानकाळात म्हणतो. इंग्रजीत तसे चालत नाही. तिथे 'आय हॅव हॅड अ फीव्हर सिन्स मंडे' असे म्हणावे लागते. म्हणजे ताप सोमवारी आला आणि अजून आहे. दिवसांची संख्या सांगायची असेल तर 'सिन्स'ऐवजी 'फॉर' येतो: 'फॉर थ्री डेज'. आम्हा नागपूरकरांना हे समजणे खरे तर सोपे जावे. 'ताप येऊन राहिला', 'पोट दुखून राहिलं' अशी आमची बोली. या 'राहिला'ला पुण्या-मुंबईकडे हसतात. पण चालू असलेले आणि न थांबलेले दुखणे सांगण्यासाठी इतकी नेमकी रचना मी दुसरी ऐकली नाही. 'ताप येऊन राहिला' असे कोणी म्हटले, की तो अद्याप उतरलेला नाही हे मला वेगळे विचारावे लागत नाही.

एका शब्दात दोन दुखणी

काही शब्दांची सीमारेषा दोन्ही भाषांत वेगवेगळ्या जागी आखलेली असते. तिथे फसगत होते.

'थंडी' घ्या. 'मला थंडी वाजते' याचे 'आय हॅव कोल्ड' असे भाषांतर पुष्कळ जण करतात. इंग्रजीत त्याचा अर्थ सर्दी झाली, नाक वाहते असा होतो. हुडहुडी भरून, दात वाजून येणारा ताप सांगायचा तर 'चिल्स' हा शब्द हवा. हा फरक केवळ भाषेचा नाही. थंडी वाजून येणारा ताप मलेरिया किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग सुचवू शकतो. सर्दी तसे काही सुचवत नाही.

'चक्कर' हा शब्द तर आम्हा डॉक्टरांची परीक्षा पाहतो. घर भोवती फिरते असे वाटणे ही एक गोष्ट, तिला इंग्रजीत 'व्हर्टिगो' म्हणतात. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे ही दुसरी. इंग्रजीत ती 'फीलिंग फेंट'. चालताना तोल जाणे ही तिसरी. पहिलीचे कारण बहुधा कानात सापडते, दुसरीचे रक्तदाब, हृदय किंवा पंडुरोगात, तर तिसरीचे मेंदू व मज्जातंतूंत असू शकते. आपण तिन्हींना 'गिडीनेस' म्हणून मोकळे होतो. मराठीत मात्र 'भोवळ', 'घेरी', 'अंधारी', 'झोक जाणे' असे वेगवेगळे शब्द आहेत. आपल्या आजीला ते सगळे माहीत असतात.

पाय म्हटला की मराठीत मांडीपासून बोटांपर्यंत सगळा आला. इंग्रजीत घोट्याच्या वर 'लेग' आणि खाली 'फूट'. हाताचेही तसेच, 'आर्म' आणि 'हँड'. 'बॅक पेन' म्हटले तर पाठ की कंबर हे कळत नाही. कंबर असेल तर 'लोअर बॅक' म्हणावे. घसा दुखतो तेव्हा 'नेक पेन' लिहू नये, ती मान झाली. घशासाठी 'सोअर थ्रोट'. अपघाताच्या किंवा विम्याच्या कागदावर अशी चूक झाली, तर दुरुस्तीसाठी चार खेटे घालावे लागतात. 'लूज मोशन' हा आपल्या घराघरांतला शब्द परदेशी माणसाला बहुधा कळणार नाही. त्याला 'डायरिया' किंवा 'अपसेट स्टमक' म्हणावे. आणि ब्रिटिश माणसाला 'आय वॉज सिक' असे सांगितले, तर तो आपल्याला उलटी झाली असे समजेल. प्रकृती बरी नाही एवढेच सांगायचे तर तो 'इल' म्हणतो.

शेवटचे उदाहरण 'फिट' या शब्दाचे. कामावर परत जाण्यासाठी लोक 'फिट सर्टिफिकेट' मागतात, आणि त्याच दिवशी दुसरे कोणी धावत येऊन सांगते, 'मुलाला फिट आली.' एकच शब्द ठणठणीत प्रकृतीसाठी आणि अपस्मारासाठी. मराठी घरांत हा गोंधळ होत नाही, कारण 'आहे' आणि 'आली' ही क्रियापदे अर्थ स्पष्ट करतात. परंतु घाईत लिहिलेल्या इंग्रजी संदेशात तो होऊ शकतो. तिथे 'सीझर' हा शब्द वापरणे बरे.

कार्यालयातले शब्द दवाखान्यात येतात तेव्हा

इथवरचे सारे जमून जाते. चुकीच्या इंग्रजीने फार तर एखादी बैठक गळ्यात पडते. खरा धोका पुढचा आहे. कार्यालयात चालणारे काही गुळगुळीत शब्द असतात: 'अ‍ॅसिडिटी', 'वीकनेस', 'व्हायरल'. ते सभ्य आहेत, घाबरवत नाहीत, त्यांवर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. म्हणूनच ते रजेसाठी सोयीचे ठरतात. अडचण अशी, की दहा वेळा लिहिल्यावर आपला स्वतःचाच त्यांवर विश्वास बसतो.

शेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ सकाळी माझ्याकडे आले. कार्यालयाला त्यांनी 'सफरिंग फ्रॉम अ‍ॅसिडिटी, विल कम लेट' असा संदेश पाठवून दिला होता. मलाही तेच सांगितले आणि गॅसची गोळी मागितली. मी म्हटले, "नाव नका सांगू, काय होते ते सांगा." ते क्षणभर थांबले. म्हणाले, "छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटून राहिलं जी. आन् घाम सुटला बिनकामाचा." या दोन मराठी वाक्यांत निदान होते. ईसीजी काढला, अ‍ॅस्पिरिन दिली आणि त्यांना थेट हृदयरोग रुग्णालयात पाठवले. ते वाचले, आज कामावरही जातात. 'अ‍ॅसिडिटी' या शब्दावर ते कार्यालयात जाऊन बसले असते, तर काय झाले असते याचा विचार आपणच करा.

'वीकनेस'चेही तसेच. "वीकनेस आहे, एक सलाईन लावून द्या" ही मागणी विदर्भातल्या बहुतेक डॉक्टरांच्या परिचयाची आहे. पण या शब्दाच्या पोटात काय काय दडलेले असते? रक्त कमी असणे, मधुमेह, थायरॉइड, झोपेची उणीव, महिनोन्महिने साठलेली उदासी. आणि इंग्रजी वैद्यकात 'वीकनेस' याचा काटेकोर अर्थ स्नायूंची ताकद जाणे असा आहे. एका हाताची पकड अचानक सुटली, तोंड वाकडे झाले, बोलणे जड झाले तर तोही 'वीकनेस'च. पण तो पक्षाघात असतो आणि तिथे मिनिटे मोजायची असतात. थकवा आला असेल तर 'थकवा' म्हणा. हातातून कप पडत असेल तर 'उजव्या हातात जोर राहिला नाही' असे म्हणा, आणि तत्काळ १०८ क्रमांक फिरवा.

'व्हायरल' हा शब्द नागपूरच्या पावसाळ्यात सर्वांत अधिक वापरला जातो. तो निदान नाही, अंदाज आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आसपासच्या भागांत स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. गवत-झुडपांतील सूक्ष्म किड्याच्या चाव्याने होणारा हा आजार. विषाणूंशी त्याचा संबंध नाही आणि वेळेवर दिलेल्या साध्या प्रतिजैविकाने तो बरा होतो. ताप पाचव्या दिवशीही असताना 'व्हायरलच आहे' म्हणून घरी बसणाऱ्यांना हा एक शब्द महागात पडू शकतो. डेंग्यूत याहून वेगळी फसगत आहे. ताप उतरला की माणूस 'फीव्हर गॉन, जॉइनिंग टुमॉरो' असे कळवतो. पण डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान ताप उतरतो, तेव्हाच काही रुग्णांचा धोक्याचा काळ सुरू होतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण सुस्ती किंवा अस्वस्थता ही त्याची लक्षणे. रजा तापाच्या नावावर घेतली होती म्हणून ती तापाबरोबर संपली पाहिजे, असे नसते.

दिसत नाही असे दुखणे

विदर्भात बसून या विषयावर लिहायचे आणि सिकलसेलचा उल्लेख करायचा नाही, हे शक्य नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोलंकी यांची नोंद 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९५८ साली आली. म्हणजे हा आजार आपल्याकडे आहे, हे वैद्यकाला साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तरीही हा आजार असलेली तरुण मुलगी नोकरीच्या ठिकाणी 'जॉइंट पेन' एवढेच लिहिते. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच. बाहेरून ती धडधाकट दिसते. मग कोणीतरी कुजबुजते, 'हिचे रोजचेच आहे.'

सिकलसेलच्या रुग्णाला येणाऱ्या वेदनांच्या झटक्याला इंग्रजी वैद्यकात 'पेन क्रायसिस' म्हणतात. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्त पुढे सरकत नाही आणि हाडे अशी ठणकतात की साधी वेदनाशामक गोळी पुरत नाही. त्याला 'जॉइंट पेन' म्हणणे म्हणजे वणव्याला शेकोटी म्हणणे. अशा रुग्णांना मी सांगतो, की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या यादीत सिकलसेल आजाराचा समावेश आहे. आपल्या आजाराचे नाव कार्यालयात सांगायचे की नाही, हा निर्णय आपला. पण सांगितले तर कायदा आपल्या बाजूला उभा राहू शकतो, हे माहीत असावे. आणि सांगायचे ठरले तर झटका येण्यापूर्वी, बऱ्या दिवशी, शांतपणे सांगावे. कण्हत लिहिलेल्या संदेशात समजावून सांगण्याची ताकद नसते.

मनाच्या आजारांची गोष्ट याहून नाजूक आहे. रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड, कार्यालयाच्या पायऱ्या चढताना पोटात गोळा. आणि रजेच्या अर्जात मात्र 'फूड पॉयझनिंग'. लोक असे का लिहितात हे मला कळते, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कार्यालयाला 'आय अ‍ॅम अनवेल अँड अंडर ट्रीटमेंट', म्हणजे 'मी आजारी आहे आणि माझे उपचार चालू आहेत', इतके पुरते. ते खरेही असते. मात्र डॉक्टरांसमोर बसल्यावर फूड पॉयझनिंग बाहेर ठेवून यावे.

कोणाला किती सांगावे

इथे मुख्य मुद्दा येतो. कार्यालय आणि दवाखाना यांना आपण देणे लागतो त्या गोष्टी वेगळ्या आहेत. कार्यालयाला हवे असते ते इतकेच: आपण काम करू शकता का, किती दिवस नाही, आणि आपले अडलेले काम कोण पाहील. डॉक्टरांना हवे असते ते सगळे: कुठे, केव्हापासून, कसे, कशाने वाढते, कशाने कमी होते. कार्यालयाला थोडे सांगावे पण खरे सांगावे. डॉक्टरांना सगळे सांगावे, आणि ज्या भाषेत आपण लहानपणी रडलो त्या भाषेत सांगावे. 'ठणक', 'कळ', 'चमक', 'मुरडा', 'जळजळ', 'मुंग्या', 'ओढ' हे सात शब्द मला सात वेगळ्या दिशा दाखवतात. इंग्रजीत या सगळ्यांचे 'पेन' झाले, की मी चौकात उभा राहतो.

वैद्यकीय प्रमाणपत्राविषयीही दोन शब्द. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत रजेच्या प्रमाणपत्राचा नमुना दिलेला आहे. त्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा असतो, आजार असतो, किती दिवसांची अनुपस्थिती आवश्यक आहे ते असते. दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही डॉक्टरला ठेवावी लागते आणि खोटे प्रमाणपत्र दिल्यास नोंदणी जाऊ शकते. म्हणून "मागची तारीख टाकून द्या ना" असे कोणी म्हटले, की आम्ही नाही म्हणतो. तो आपल्यावरचा अविश्वास नसतो. आजाराचे नाव लिहावे लागते तेव्हा ते खरेच लिहावे लागते. त्यामुळे एखादे नाव सहकाऱ्यांच्या टेबलांवरून फिरू नये असे वाटत असेल, तर प्रमाणपत्र लिहिण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला आणि कार्यालयात ते बंद पाकिटात योग्य अधिकाऱ्याकडेच द्या.

इंग्लंडमध्ये या कागदाला पूर्वी 'सिक नोट' म्हणत. एप्रिल २०१० पासून तिथे त्याचे रूप बदलले आणि लोक त्याला 'फिट नोट' म्हणू लागले. त्यावर 'कामास असमर्थ' याबरोबरच 'काही बदल केल्यास काम करू शकेल' असाही पर्याय असतो: कमी तास, वेगळे काम, हळूहळू परत येणे. आपल्याकडे असा छापील रकाना नसला, तरी आपण तो शब्दांत मागू शकतो. कंबर लचकलेल्या माणसाला एक आठवडा ओझे उचलता येत नाही, पण बसून हिशेब करता येतो. त्याला 'लाइट ड्यूटी', म्हणजे हलके काम, असे प्रमाणपत्रात लिहून देता येते. आजारी आणि निरोगी यांच्या मध्ये बरीच मोठी जागा असते, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण आयुष्याचा बराच काळ त्या मधल्या जागेत असतात.

ज्यांचा अर्जच नसतो

आपल्या घरी भांडी-धुणे करणाऱ्या ताईंचा फोन येतो: "आज नाही येत बाई, बरं नाही." त्यांना इंग्रजीही नको आणि अर्जही नको, पण त्यांच्या रजेला नियम नाही, प्रमाणपत्र नाही, आणि अनेक घरांत त्या दिवसाचे पैसेही नाहीत. मेच्या दुपारी, पारा ४५ अंशांवर असताना चार घरे करून त्या पायी जातात. 'ऊन लागलं' असे त्या म्हणतात तेव्हा ती सबब नसते. उन्हात अंग तापणे, बरळणे, शुद्ध हरपणे हा उष्माघात आहे आणि त्याने माणूस दगावतो. वाचकहो, कार्यालयाने आपल्या दोन ओळींवर विश्वास ठेवावा असे आपल्याला वाटते ना? मग आपल्या दारी आलेल्या दोन शब्दांवर आपणही ठेवू या, आणि खाडा न धरता ठेवू या.

तीन वाक्यांचा संदेश

व्यवहारात उपयोगी पडेल असे काही देऊन थांबतो. आजारी पडल्यावर कार्यालयाला पाठवायचा संदेश तीन वाक्यांत मावतो. पहिले वाक्य प्रकृतीचे: 'आय हॅव हॅड अ हाय फीव्हर सिन्स लास्ट नाइट.' काल रात्रीपासून जोराचा ताप आहे. दुसरे असमर्थतेचे: 'आय कॅनॉट वर्क टुडे ऑर टुमॉरो.' आज आणि उद्या काम करता येणार नाही. तिसरे पुढच्या निरोपाचे: 'आय विल अपडेट यू ऑन थर्सडे मॉर्निंग.' गुरुवारी सकाळी कळवतो. क्षमायाचना नको, कारणांची यादी नको, थर्मामीटरचा फोटोही नको. संदेश गेला की फोन उपडा ठेवा. घरून काम करण्याची सोय झाल्यापासून लोक सलाईन लागलेल्या हाताने लॅपटॉप उघडू लागले आहेत; 'रजा' या शब्दात विश्रांतीही अंतर्भूत आहे, हे त्यांना सांगावे लागते.

आणि डॉक्टरांकडे निघण्यापूर्वी एका कागदावर मराठीत लिहून घ्या: काय होते, कुठे होते, केव्हापासून होते, आणि त्यामुळे काय करता येत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, की तुमच्या वेळी याला काय म्हणत. मुलांनाही ते शब्द शिकवा. 'मम्मी, पेन होतंय' म्हणणाऱ्या मुलाला विचारा, ठणकते की चावते, आत दुखते की वर. तो विचार करील, बोट ठेवून दाखवील आणि नेमका शब्द शोधील. पुढे कधी तो परक्या शहरात एकटा आजारी पडेल, तेव्हा औषधाच्या डब्याइतकाच तो शब्दही त्याच्या उपयोगी पडेल.